शाळा सुटल्यावर : कल्हई आणि दात



गेल्या खेपेस या सदरात चष्म्याच्या नंबरांविषयी लिहिले. त्यानंतर एका लग्नघरी दोन भगिनींनी मला कोपऱ्यात गाठले. दोघींचे गाऱ्हाणे एकच होते. दातात पांढरी स्तिमा बसवून घेतली, काही महिन्यांत ती घासाबरोबर निघून आली. पुन्हा बसवली, पुन्हा तीच गत. "बाई, हल्ली मालच हलका वापरतात का हो?" असा त्यांचा प्रश्न. मी हसून वेळ मारून नेली, कारण आमच्या घरीही नुकताच तोच प्रकार घडून गेला होता आणि त्यात माझाही थोडा हात होता. लग्नाच्या गर्दीत ते सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. आज सांगते. मी दंतवैद्य नव्हे, शिक्षिका आहे. जे समजले ते एका दंतवैद्य बाईंनी समजावून दिले म्हणून, आणि नंतर पुस्तके उघडून ताडून पाहिले म्हणून.

माझी आई ८३ वर्षांची. तिच्या वरच्या जबड्यात डाव्या बाजूचा सुळा अजून भक्कम उभा आहे आणि त्याच्याच आधारावर तिच्या अर्ध्या कवळीची तार अडकवलेली आहे. त्या सुळ्याला हिरडीलगत एक आडवी खाच पडली होती, झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचा पहिला घाव बसावा तशी. ही कीड नव्हे. आमच्या लहानपणी अलिबागच्या बाजूला चुलीतला कोळसा कुटून त्यात मीठ घालून राखुंडी करीत. बोटाने ती दातांवर आडवी, जोर लावून घासायची. दात कसे लख्ख झाले पाहिजेत! पुढे ब्रश आला, परंतु हाताची सवय तीच राहिली, आडवी आणि जोराची. आंबट खाणेपिणे आणि झोपेत दात खाण्याची खोड हीदेखील अशा झिजेला हातभार लावतात, असे वैद्य सांगतात. ते काही असो. आमच्या मागच्या पिढीच्या अनेक सुळ्यांवर आणि त्यांच्या शेजारच्या दातांवर ही खाच दिसते. वाचकांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या दातांकडे एकवार उजेडात पाहावे.

पहिली स्तिमा पाच आठवडे टिकली. दुसरी तीन आठवडेही नाही. दुसऱ्या वेळी ती आईच्या तळहातावर तांदळाच्या कणीएवढी पडलेली होती. आई म्हणाली, "काढून टाक म्हणावं तो दात. किती खेपा घालायच्या? पोरीची नोकरी, बसचं भाडं, आणि परत आपलं तेच." तिच्या पिढीचा हिशोब असा सरळ असतो, हलला, दुखला, तर उपटा. परंतु तो सुळा गेला असता तर कवळीला धरायला काही उरले नसते, आणि ८३व्या वर्षी नवी कवळी तोंडात रुळवणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच ठाऊक. घासभर जेवणासाठी माणूस लाचार होतो.

आता थोडे शाळेत जाऊ.

आपल्यापैकी साठीच्या आसपासच्या वाचकांना गल्लीत येणारा कल्हईवाला आठवत असेल. तो जमिनीत खळगा करी, भाता बसवी, कोळसे पेटवी. घरोघरच्या बायका तांब्यापितळेची भांडी आणून टाकीत. आम्हा मुलांचे लक्ष कथलाच्या चकचकीत कांडीवर असे; ती तापलेल्या भांड्याला टेकली की क्षणात चांदी पसरल्यासारखी दिसे. परंतु त्या क्षणापूर्वी तो मनुष्य जे करी, त्याकडे आमचे लक्ष नसे. तो आधी भांडे राखेने, वाळूने घासून त्यावरचा ओशटपणा काढी. मग तापवून त्यावर नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर उठे, आम्ही खोकत मागे सरत असू. त्या नवसागराने तांब्यावर चढलेला गंज निघून धातू उघडा होई. त्यानंतरच कथील. ज्या जागी तेलाचा ओशट राहिला असेल तेथे कथील धरत नसे आणि तेवढा डाग काळा राही. कल्हईची सगळी मेहनत घासण्यात आणि नवसागरात. कथील फिरवायला मिनिटभर पुरे.

दाताचे काम याहून निराळे नाही, आणि ही निव्वळ शिक्षिकेची उपमा नव्हे. दाताच्या पृष्ठभागावर आम्ल लावून तो चिकटवण्याजोगा करावा ही कल्पना १९५५ साली मायकेल बुओनोकोर या दंतसंशोधकाने मांडली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ते काम करीत. कारखान्यांत धातूच्या पत्र्यावर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्लाने पत्रा तयार करीत असत. हे त्यांना ठाऊक होते, आणि धातूला जे चालते ते दाताला का चालू नये, असा त्यांचा विचार होता. त्यांनी दातांवर ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल ३० सेकंद लावले, धुतले, आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचा थेंब चिकटवला. आम्ल न लावलेल्या दातांवरचे थेंब लवकर गळाले. लावलेल्या दातांवरचे कितीतरी अधिक काळ टिकले. आज जे आम्ल वापरतात ते बरेच सौम्य, साधारण ३५ ते ३७ टक्क्यांचे असते आणि बहुधा निळ्या रंगाच्या लुकणासारखे येते, म्हणजे कोठे लावले ते दिसते.

त्यापूर्वी दात भरण्याची रीत निराळी होती. आपण जिला 'चांदी भरणे' म्हणतो ती चांदी दाताला चिकटत नसे. ती अडकून बसे. म्हणून वैद्य दात अशा तऱ्हेने कोरीत की खळगा तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद व्हावा, घागरीसारखा. त्यासाठी कीड नसलेला चांगला दातही कापावा लागे. चिकटवण्याची विद्या आल्यावर हे कापणे पुष्कळ कमी झाले, हा तिचा मोठा उपकार. पण त्याबरोबर एक जोखीमही आली. चांदी आकाराच्या जोरावर राही. पांढरी स्तिमा मुख्यतः पृष्ठभागाच्या तयारीवर राहते. आणि आईच्या सुळ्यावरच्या खाचेला तर घागरीचा आकार मुळीच नव्हता. ती उघडी, उतरती खाच. तेथे अडकायला काही नाही. चिकटले तर राहील, नाहीतर पडेल.

दात वरून एकसंध दिसतो, परंतु आतील घडण दोन प्रकारची आहे. बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क, ज्याला सर्व जण इनॅमल म्हणतात. वजनाने पाहिले तर त्यात सुमारे ९६ टक्के खनिजच असते; शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. आम्ल त्यातील खनिज थोडेथोडे विरघळवते, तेही सर्वत्र सारखे नव्हे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे तयार होतात. धुऊन कोरडे केले की तेथला भाग तकाकी जाऊन खडूसारखा पांढरा, निस्तेज दिसतो. पातळ चिकटद्रव्य त्या छिद्रांत झिरपते, तेथेच घट्ट होते आणि हजारो मुळ्या रोवल्यासारखे धरून राहते. इनॅमलच्या बाबतीत ही गोष्ट बरीच निर्धोक आहे. खडूसारखा पांढरा रंग दिसला की वैद्य समजतो, काम झाले.

खरी कसोटी आतल्या डेंटीनची. त्यात खनिज सुमारे ७० टक्केच. उरलेले कोलॅजनचे तंतू आणि पाणी. शिवाय दाताच्या मज्जेपासून बाहेर येणाऱ्या सूक्ष्म नळ्यांनी ते विंधलेले असते. एका चौरस मिलिमीटरात, बाहेरच्या बाजूस सुमारे २०,००० आणि मज्जेजवळ त्याच्या दुपटीहून अधिक. त्या नळ्यांत पाणी असते, म्हणजे हे ओले लाकूडच म्हणा ना. ओल्या लाकडाला डिंक लावून पाहिलेल्यांना अडचण कळेल. त्यातून ड्रिल फिरवले की भुशाचा एक चिकट थर वर बसतो आणि नळ्यांची तोंडे बुजतात. डेंटीनवर आम्ल लावले तर मज्जा मरेल, अशी अनेक वर्षे भीती होती. जपानमध्ये फुसायामा यांनी १९७९ साली इनॅमल आणि डेंटीन दोहोंवर आम्ल लावून दाखवले, आणि १९८२ साली नाकाबायाशी यांनी दाखवले की चिकटद्रव्य कोलॅजनच्या तंतूंच्या जाळ्यात शिरून दात आणि राळ यांचा एक मिश्र थर तयार होतो. स्तिमा धरून राहते ती मुख्यतः या थरामुळे. त्याची जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी असते.

आता येथे गंमत पाहा. आम्लाने खनिज काढले की कोलॅजनचे तंतू उघडे पडतात. आपल्या गावच्या तळ्यातील शेवाळ आठवा. पाण्यात असताना ते कसे मोकळे, केसांसारखे पसरलेले असते. तेच हाताने बाहेर काढले की एकमेकांना चिकटून लगदा होतो. कोलॅजनचे तेच होते. धुतल्यावर डेंटीन वाऱ्याच्या झोताने खडखडीत वाळवले तर तंतूंचे जाळे खाली बसते आणि चिकटद्रव्याला आत शिरायला वाट राहत नाही. उलट पाण्याचे थारोळे ठेवले तरी बिघडते. म्हणून या पद्धतीने काम करणारे वैद्य कापसाच्या बोळ्याने टिपून घेतात. जागा ओलसर चमकावी, पण पाणी साचू नये. इनॅमल कोरडे हवे, डेंटीन दमट हवे, आणि दोन्ही एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावर! शिवाय डेंटीनवर आम्ल १५ सेकंदांहून अधिक ठेवू नये, इनॅमलवर ३० सेकंदांपर्यंत चालते. म्हणून आधी कडेच्या इनॅमलला लावून मग आत उतरतात.

अलीकडे अशीही चिकटद्रव्ये आहेत की ज्यांच्यात सौम्य आम्ल आधीच मिसळलेले असते. ती डेंटीनवर धुवावी लागत नाहीत, पण बोळ्याने चोळून चोळून लावावी लागतात. तेथेही इनॅमलच्या कडेला वेगळे आम्ल लावून घेणे अनेक वैद्य पसंत करतात.

हे सारे मला कोणी सांगितले, तर आईच्या तिसऱ्या खेपेला भेटलेल्या बाईंनी. आमच्या मिरपाआत पहिल्या दोन वेळचे वैद्य त्या दिवशी नव्हते. त्यांच्या जागी रशियातून आलेल्या एक प्रौढ बाई होत्या. त्यांचे हिब्रू माझ्याहून जड, त्यामुळे आमचे चांगले जमले. त्यांनी पहिल्यांदा आईच्या तोंडात पाहिलेच नाही. मला विचारले, मागच्या दोन वेळी काय काय झाले ते सांगा.

मी सांगू लागले तसतशी माझी मलाच लाज वाटू लागली. पहिल्या वेळी मला दुपारच्या पाळीच्या वर्गावर पोचायचे होते आणि मी दोनदा घड्याळ दाखवले होते. वैद्यही घाईत होते, हे खरे. कापसाच्या दोन गुंडाळ्या ठेवून त्यांनी काम उरकले, आणि त्यांचा दोष मी झाकणार नाही. पण दुभाषी मी होते. "तोंड उघड", "तोंड मीट", एवढेच मी आईला मराठीत सांगितले. काय चालले आहे, किती वेळ लागेल, मध्ये काय करू नये, यातले एक अक्षर नाही. आई बिचारी दर मिनिटाला मान वळवून विचारी, "काय म्हणतो गं तो?" आणि बोलताना तिची जीभ नेमकी त्याच दातावर जाई. आम्ल लावून तयार केलेल्या पृष्ठभागावर लाळेचा स्पर्श झाला तर तिच्यातील प्रथिनांचा थर काही क्षणांत बसतो. मग नुसते पुसून भागत नाही. धुऊन पुन्हा आम्ल लावावे लागते. कल्हईच्या भांड्याला पुन्हा तेलाचा हात लागल्यासारखेच ते.

मग बाईंनी विचारले, दाताला घरी काही लावता का? मी नाही म्हणाले. आईने आमच्या बोलण्यातला शब्द पकडून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "लवंगेचं तेल लावते की. रोज रात्री." दुखत नसले तरी! दात म्हटला की लवंग, हे आमच्या घरचे शास्त्र. पहिली स्तिमा पडल्यावर तिने खाचेत कापसाचा बोळा भिजवून ठेवायला सुरुवात केली होती आणि दुसऱ्या वेळी त्याच तोंडाने खुर्चीत जाऊन बसली. लवंगेच्या तेलात युजेनॉल असते. ते दुखणे शमवते, हे खरेच. वैद्यही तात्पुरत्या भरणीत ते वापरतात. पण या राळेच्या घट्ट होण्याच्या क्रियेत तेच आडकाठी करते, आणि तेलकटपणाने पृष्ठभाग बिघडतो तो निराळाच. दुसरी स्तिमा तेवढ्यानेच पडली असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण कोणी विचारले नाही आणि आईने सांगितले नाही, कारण कोणत्या भाषेत सांगणार?

बाईंनी त्या दिवशी काम केलेच नाही. आठवडाभर तेल बंद, मग या, असे म्हणाल्या. मी मनातून वैतागले. आणखी एक खेप!

आठवड्याने गेलो. या वेळी खुर्चीत बसण्यापूर्वी मी आईला सर्व क्रम मराठीत समजावला, अगदी चौथीच्या वर्गाला समजवावा तसा. "तोंडात आंबट-कडू लागेल, थुंकायचं नाही. हात वर केलास की थांबतील. बोलायचं मात्र शेवटी." आई म्हणाली, "मग आधीच सांगायचं ना, बाय." मला उत्तर सुचले नाही.

प्रथम बाईंनी दात प्युमिसने घासला. वजरीच्या दगडाचीच ती बारीक पूड. मग हिरडीच्या कडेखाली एक बारीक दोरा दाबून बसवला. हिरडीतून पाझरणारा ओलावा अडतो आणि खाचेची खालची कड उघडी होते. सुळ्याभोवती रबराचा पातळ पडदा चिमट्याने ताणून बसवला, त्यातून तेवढा एक दात बाहेर. हा पडदा १८६४ साली सॅनफोर्ड बार्नम या अमेरिकन दंतवैद्याने वापरात आणला, म्हणजे तो या चिकटवण्याच्या विद्येपेक्षा किती जुना! पाहा, जुने ते सगळेच टाकाऊ नसते. (राखुंडी मात्र टाकाऊच.)

त्यानंतर त्यांनी मला जवळ बोलावून खाचेचा तळ दाखवला. तो पिवळसर, काचेसारखा तकतकीत होता. वर्षानुवर्षे घासून उघड्या पडलेल्या डेंटीनचे असे होते. त्याच्या नळ्या खनिजाने बुजतात, पृष्ठभाग कठीण होतो आणि आम्लाला दाद देत नाही. म्हणून वृद्धांच्या अशा खाचांत स्तिमा लवकर पडतात. त्यांनी बारीक ड्रिलने तो वरचा तकतकीत थर हलकेच खरवडला, इनॅमलची वरची कड तिरपी छाटली आणि मगच निळे आम्ल लावले. मी मनात सेकंद मोजत होते. ते धुण्यास लावण्याहून अधिक वेळ घेतला. टिपून घेतले. चिकटद्रव्य चोळले, वाऱ्याच्या मंद झुळकीने त्यातील द्रावक उडवले, निळा प्रकाश दाखवला. त्या प्रकाशाने राळ घट्ट व्हावी म्हणून तिच्यात बहुधा कॅम्फरक्विनोन नावाचे द्रव्य घालतात, आणि ते रसायनशास्त्रात आपल्या कापराच्या कुळातले आहे. मग पांढरी भर, एकदम नव्हे, थोडीथोडी. प्रत्येक थराला पुन्हा प्रकाश. प्रत्यक्ष भर घालायला पाच-सात मिनिटे लागली असतील. तयारीला अर्धा तास.

आई त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलली नाही. हे मी नमूद करून ठेवते, कारण भावंडांना सांगितले तर विश्वास बसणार नाही.

त्या दोन भगिनींना, आणि ज्यांना ज्यांना वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे असेल त्यांना, एवढे सांगते. दातावर घरगुती काही लावत असाल तर ते आधी सांगा. रबरी पडदा बसवता का, असे विचारायला संकोच करू नका. काही जागी तो बसत नाही, मग कापूस आणि दोरा यांवर काम निभावते, पण विचारले म्हणून कोणी रागावत नाही. आणि मेंदीच्या आधी दात पांढरे करून घेण्याची जी नवी हौस आपल्या मुलामुलींना लागली आहे तिच्यानंतर लगेच स्तिमा बसवू नये. त्या औषधाचा प्राणवायू दातात रेंगाळतो आणि राळ नीट घट्ट होत नाही. एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत. खर्चाचे म्हणाल तर मुलांचे दात २०१० पासून सरकारी आरोग्य विम्यात घेण्यास सुरुवात झाली व ती सवलत टप्प्याटप्प्याने १८ वर्षांपर्यंत नेली. वयोवृद्धांचाही पुढे समावेश झाला. आपल्या वयोगटाला काय मिळते ते कुपात होलिमच्या खिडकीवर विचारून घ्यावे. आमच्यासारखे मधले लोक मात्र आपल्या खिशातून भरतात!

आईच्या सुळ्यावरची तिसरी स्तिमा बसून आता चौदा महिने झाले. कायमची राहील असे बाईंनी वचन दिले नाही. कोलॅजनचे ते जाळे काळाने झिजते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कवळी त्या दाताला धरून आहे आणि आई भाकरी खाते. ब्रश मऊ आणला आहे. तो ती अजून आडवाच फिरवते. लवंगेच्या तेलाची बाटली मी उचलून ठेवली होती, ती तिने शोधून काढली. आता रात्री गुडघ्यांना चोळते.